वाचकांचे प्रश्न : वापरलेल्या स्पीकरची पारख

वापरलेले स्टिरिओ स्पीकर घेताना खरा माल कसा ओळखावा, याविषयी आलेल्या काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातींत मला उंच, उभ्या स्पीकरची एक जोडी दिसली. कंपनीचे नाव पूर्वी ऐकलेले नाही, पण एका नामांकित कंपनीच्या नावाशी ते बरेच मिळतेजुळते आहे. प्रत्येक पेटीवर पाच स्पीकर बसवलेले असून मागच्या पट्टीवर १२०० वॅट असे छापलेले आहे. मूळ खोके आणि चकचकीत माहितीपत्रकही सोबत आहे. एका चित्रपटगृहाच्या कामातून उरलेला माल असल्याने छापील किमतीच्या दहाव्या हिश्श्यात देतो, असे विकणारे गृहस्थ म्हणतात. स्पीकर चांगले जड आहेत. घ्यावेत का?

उत्तर : आपल्या पत्रात त्या स्पीकरच्या आवाजाविषयी एकही वाक्य नाही, याकडे मी सर्वांत आधी लक्ष वेधतो. खोके, माहितीपत्रक, छापील किंमत, वॅटचा आकडा, वजन आणि पुढच्या बाजूच्या गोलांची संख्या, अशा ज्या ज्या गोष्टींनी आपल्याला भुरळ घातली आहे त्या सर्व अगदी स्वस्तात तयार करता येतात आणि तशा त्या केल्याही जातात. म्हणून पेटी उघडून पाहिल्याशिवाय आणि निवांत ऐकल्याशिवाय ही जोडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण केलेले वर्णन पाहता, उघडून पाहिल्यावर आपण ती घ्याल असे मला वाटत नाही.

अशा मालाला इंग्रजीत ‘व्हाइट व्हॅन स्पीकर’ असे नाव पडले आहे. १९८०च्या दशकापासून अमेरिकेत आणि पुढे युरोपात व ऑस्ट्रेलियातही ही विक्री चालत आली. विकणारे गाडीतून माल घेऊन फिरतात, गोदामातून चुकून एक जोडी जास्त आली असून ती परत नेण्यापेक्षा मिळेल त्या पैशांत देऊन टाकतो असे सांगतात, खोटे बीजक दाखवतात आणि गिऱ्हाइकाला विचार करायला सवड मिळू नये म्हणून घाई करतात. छापील किंमत कोणी मोजावी म्हणून छापलेलीच नसते. मागितलेली रक्कम तिच्यापुढे क्षुल्लक वाटावी एवढ्यासाठी ती असते. नावही असेच बेतलेले असते. कधी एखाद्या मान्यवर नावातले एक अक्षर बदललेले असते, तर कधी जर्मन किंवा इंग्लिश वळणाचे भारदस्त आडनाव घेतलेले असते. एक नाव बदनाम झाले की तोच माल दुसऱ्या नावाने बाजारात येतो, त्यामुळे नावांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही आणि ती मी येथे देतही नाही.

फसलेले गिऱ्हाईक घरी जाऊन स्पीकर ऐकते, हिरमुसते, आणि निदान काही पैसे तरी सुटावेत म्हणून तीच जोडी, तेच खोके आणि तेच माहितीपत्रक घेऊन वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात उतरते. कहाणीही बहुधा पहिल्याच विक्रेत्याची असते आणि दुसरा ती जशीच्या तशी पुढे सांगतो. आपल्याशी बोलणारे गृहस्थ खोटारडेच असतील असे म्हणूनच मी म्हणत नाही. त्यांनाही कोणी तरी हातोहात फसवलेले असू शकते. मात्र त्यांच्या प्रामाणिकपणामुळे पेटीच्या आतला माल बदलत नाही. वस्तूबरोबर येणारी कहाणी, मग ती कोणाच्याही तोंडून येवो, हिशेबातून पूर्णपणे वजा करून जे उरेल त्याचीच किंमत करावी.

आत काय असते ते एकदा जवळून पाहिलेले सांगतो. एका परिचितांनी अशीच जोडी घेतली होती आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो म्हणून मला बोलावले होते. जाळी काढून मोठ्या वूफरचे, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचे, स्क्रू फिरवू लागलो, तर तिसऱ्या स्क्रूबरोबर भुसाच बाहेर आला, कारण पेटी नखाने कोरता येईल अशा विरळ पार्टिकल बोर्डाची होती आणि तिच्यावर लाकडाच्या रंगाचा विनाइलचा कागद चिकटवलेला होता. वूफर सुटून हातात आला तेव्हा तो इतका हलका निघाला की माझ्या हाताचा अंदाजच चुकला. त्याच्या पाठीवर तळहाताएवढे काळे प्लास्टिकचे झाकण होते आणि ते काढल्यावर आत बांगडीहूनही लहान चुंबक होते. मधल्या दोन गोलांना तारच जोडलेली नव्हती, कारण ते स्पीकर नव्हतेच. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या वाट्या होत्या. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, तारेत एक छोटा कपॅसिटर डकवलेला होता आणि कोणते स्वर कोणत्या स्पीकरकडे जावेत हे वाटून देणारी जोडणी, म्हणजे क्रॉसओव्हर, म्हणून काय ते तेवढेच होते. ज्या वजनावर परिचितांची सर्वाधिक भिस्त होती ते वजन पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्याचे निघाले. तो सुटा झालेला ठोकळा ते बराच वेळ हातात धरून बसले होते.

चुंबकाला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. आज घरोघरी असलेल्या बहुतेक स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेल्या रचनेवरूनच आलेली आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते, त्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढेमागे हलते आणि स्वतःला जोडलेल्या शंकूच्या आकाराच्या पडद्याला, म्हणजे कोनाला, हलवते. फटीतले चुंबकीय क्षेत्र दुबळे असेल तर वेटोळ्याला जोर लागत नाही आणि कोनावर ताबाही राहत नाही, त्यामुळे तबल्याचा डग्गा घुमल्यावर जेथे थांबायला हवा तेथे न थांबता नुसता भोंगळ गुरगुरत राहतो. सजावटीने ही उणीव भरून निघत नाही, म्हणून स्पीकरची पाठ पाहायला मी इतका आग्रह धरतो.

प्रश्न : विकणारे लोक पेटी उघडू देत नाहीत. स्क्रूला हात न लावता काय काय तपासता येईल?

उत्तर : बरेच काही. उघडू न देण्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. जुन्या स्पीकरच्या कडेखालची हवाबंद पट्टी, म्हणजे गॅस्केट, फाटू नये म्हणून सज्जन मालकही कधी कधी नको म्हणतात. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च, साधा मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल (त्याचा उपयोग शेवटच्या उत्तरात सांगितला आहे), वहीचा एक कागद आणि ओळखीचे ध्वनिमुद्रण एवढे सोबत न्यावे.

पेटीच्या बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करावी. जाड फळीची आणि आतून आधार दिलेली पेटी ‘ठक्’ असा आखूड, मुका आवाज देते, तर पातळ फळी ढोलकीसारखी घुमते आणि संगीत सुरू असतानाही तशीच घुमत राहते. मग स्पीकर हळूच तिरपा करून वजन कोठे आहे ते पाहावे. वूफर आणि त्याचे चुंबक यांचे वजन पुढच्या फळीकडे जाणवायला हवे. सगळे वजन बुडाशीच असेल तर संशयाला जागा आहे. काही प्रामाणिक कंपन्याही उंच स्पीकर कलंडू नये म्हणून तळाला वजन घालतात, पण त्यांचे वूफरही अंगाने वजनदार असतात. पेटीला हवेचे भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर त्यातून टॉर्चचा झोत टाकून वूफरची पाठ, आतले अस्तर आणि तारा बऱ्यापैकी दिसतात. जाळी मात्र काढू द्यावी असा आग्रह जरूर धरावा, कारण नुसती जाळी काढल्याने कशाचेही नुकसान होत नाही.

यानंतर अ‍ॅम्प्लिफायरची तार काढून ठेवावी आणि स्पीकरच्या मागच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजावा. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरचा साधारण तीन ते साडेतीन ओहम दिसतो. छापील आकड्यापेक्षा तो कमी असणे हा दोष नव्हे. जोडीतल्या दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे यावेत. मागे टर्मिनलांच्या दोन जोड्या असतील आणि त्यांना जोडणारी पट्टी काढून आपण वरच्या जोडीवर मोजले, तर मीटर काहीच दाखवणार नाही, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा एकदिश प्रवाह अडवतो. तेवढ्यावरून ट्वीटर जळाला असे समजू नये.

सर्वांत उपयोगी परीक्षा कागदाची आहे. वहीच्या कागदाची पुंगळी करून एक टोक कानाला आणि दुसरे टोक एकेका गोलासमोर अगदी जवळ धरावे, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज लहान ठेवून संगीत लावावे. ट्वीटरमधून झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे स्वच्छ ऐकू आली पाहिजेत, मधल्या गोलातून माणसाचा आवाज, आणि वूफरमधून खालचे स्वर. शोभेचा गोल असेल तर पुंगळीतून शेजारच्या स्पीकरचा अंधुक आवाज येतो आणि पुंगळी सरकवली की ते लगेच कळते. पाच गोल असलेल्या पेटीची ही परीक्षा दोन मिनिटांत होते.

वूफरच्या मधल्या टोपीभोवती दोन्ही हातांची बोटे सारख्या अंतरावर ठेवून कोन अगदी अलगद आत दाबावा. खरखर जाणवली तर वेटोळे फटीत घासत आहे. ट्वीटरच्या घुमटाला मात्र चुकूनही बोट लावू नये. तो आत दबला की बहुधा कायमचा चेमटतो, आणि नुकसानभरपाई मागण्याची पाळी विकणाऱ्यावर येते.

ऐकण्याची वेळ आली की गाण्याआधी बोलणे ऐकावे. घरातल्या एखाद्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून नेले तर फार सोयीचे, कारण तो आवाज कसा असतो हे आपल्याला पुरते ठाऊक असते. तो नाकातून आल्यासारखा, माठात तोंड घालून बोलल्यासारखा किंवा छातीत उगाच घुमणारा वाटला, तर त्या स्पीकरवर गाणेही तसेच वाटणार आहे. विकणारे लोक नेहमी ठोक्यांची, दणदणीत गाणी लावून दाखवतात. त्या आवाजात दोष लपतात, म्हणून आपले ध्वनिमुद्रण आपणच न्यावे. शेवटी ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा स्वर मोबाइलवरून मध्यम आवाजात लावावा. सैल फळी, सुटलेला डिंक किंवा घासणारे वेटोळे त्या स्वरात कोठे तरी थरथरून आपले अस्तित्व कळवते.

प्रश्न : १००० वॅट आणि ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे आकडे किती खरे मानावेत?

उत्तर : ज्या आकड्याबरोबर तो कसा मोजला हे लिहिलेले नाही, तो आकडा मानूच नये. ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) या अक्षरांखाली छापलेल्या वॅटना मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे जेमतेम १०-२० वॅट सोसणाऱ्या स्पीकरवरही हजाराचा आकडा छापता येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅटच्या अतिरंजित जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९७४ साली नियम केला, पण तो अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीपुरता होता. स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे तो देत असलेली शक्ती नव्हे, तर तो सोसू शकेल असा दावा असतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

हजार वॅट म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते पाहा. घरगुती स्पीकर विजेतला सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनीत बदलतो आणि बाकीची जवळजवळ सगळी वीज वेटोळ्यात उष्णता होऊन निघते. म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी उष्णता दोनचार सेंटिमीटर व्यासाच्या, केसासारख्या बारीक तारेच्या वेटोळ्याने अखंड सहन करायची. नाट्यगृहांसाठी खास बांधलेल्या, मोठ्या वेटोळ्यांच्या आणि अवजड चुंबकांच्या वूफरांची गोष्ट वेगळी. ज्या वूफरचे चुंबक प्लास्टिकच्या झाकणात लपवावे लागते, त्याच्याविषयी हा दावा करणे हे धडधडीत खोटे आहे.

त्यापेक्षा संवेदनशीलतेचा आकडा शोधावा. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो हे तो सांगतो आणि घरगुती स्पीकरमध्ये तो बहुधा ८४ ते ९० डेसिबलच्या दरम्यान असतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याचाच अर्थ असा की ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटवर जेवढा वाजेल तेवढे वाजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतील. दिवाणखान्यात नेहमीच्या आवाजात ऐकताना तर सरासरी एकदोन वॅटच खर्च होत असतात. हा हिशेब एकदा मनात बसला की १२०० या आकड्याने कोणी दिपून जाणार नाही.

हर्ट्झच्या बाबतीतही तसेच आहे. २० ते २०,००० हर्ट्झ ही माणसाच्या श्रवणाची मर्यादा आहे आणि माहितीपत्रकात ती उतरवून काढायला कोणाचीच हरकत नसते. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितले, उदाहरणार्थ ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिले, तरच त्या आकड्यांना अर्थ येतो. साडेसहा इंची वूफरच्या छोट्या पेटीवर ‘५० हर्ट्झपासून’ असे नम्रपणे लिहिलेले दिसले, तर मला त्या कंपनीविषयी विश्वासच वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे एका जुन्या, मान्यवर कंपनीचे स्पीकर आहेत. वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होऊन पडतो, पेटी पार्टिकल बोर्डाची आहे आणि आत क्रॉसओव्हरमध्ये एकच कपॅसिटर दिसला. हे स्पीकर नकली तर नाहीत ना?

उत्तर : अजिबात नाहीत, निदान या तीन गोष्टींवरून तरी तसे ठरत नाही. आपले पत्र आले याचा मला आनंद झाला, कारण नकली माल ओळखण्याच्या उत्साहात चांगले जुने स्पीकर भंगारात जाताना मी पाहिले आहेत आणि त्याची हळहळ वाटते.

पॉलियुरेथेन फोमची कडा हवेतल्या ओलाव्याने पंधरावीस वर्षांत विरतेच, मग स्पीकर कितीही उंची असो. बाकी वूफर शाबूत असेल तर नवी कडा बसवता येते. नेमक्या मापाची कडा आणि सबुरी असली की घरीही हे काम जमते. रबरी कडा पुष्कळ जास्त टिकते, पण फोम वापरणे ही त्या काळी लबाडी नव्हती. पार्टिकल बोर्डही घट्ट, जाड आणि आतून आधार दिलेला असेल तर उत्तम काम देतो; १९७०च्या दशकातले कित्येक नावाजलेले स्पीकर त्याचेच आहेत. एका कपॅसिटरचा क्रॉसओव्हरही प्रामाणिक असू शकतो. वूफरच मुळात असा घडवायचा की वरचे स्वर त्याच्यातून आपोआप ओसरत जावेत, आणि ट्वीटरला खालच्या स्वरांपासून वाचवण्यापुरता एक कपॅसिटर घालायचा, ही जाणकारांनी मुद्दाम निवडलेली वाट आहे. दोन गोलांच्या अशा पेटीत एक कपॅसिटर खपून जातो. पाच गोल मिरवणाऱ्या पेटीत तो एकटाच सापडला तर मात्र त्यांतले काही गोल शोभेचे असण्याची दाट शक्यता आहे.

याच ओघात चुंबकाविषयीही सांगून टाकतो, कारण दोन वाचकांनी तेच विचारले आहे. निओडिमियमचे चुंबक १९८०च्या दशकात आले आणि ते लहान असूनही फार शक्तिशाली असते, त्यामुळे अलीकडच्या स्पीकरमध्ये निव्वळ आकारावरून निर्णय करू नये. जुन्या काळ्या फेराइट चुंबकाला मात्र आकार आणि वजन लागतेच. चुंबकाच्या पाठीवर आणखी एक चुंबक आणि वर लोखंडी टोपी दिसली तर तीही बनवाबनवी समजू नये. जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर रंगांचे डाग पडू नयेत म्हणून शेजारी ठेवायच्या स्पीकरचे चुंबकीय क्षेत्र असे झाकून टाकत असत. टोपी लोखंडाची आहे की प्लास्टिकची, एवढे पाहिले की खरे काय ते कळते.

प्रश्न : नाव खरे, पेटी खरी, पण आतले वूफर बदललेले असतील तर कसे ओळखावे? आणि त्याने काही बिघडते का?

उत्तर : वूफरच्या पाठीवर छापलेला क्रमांक दोन्ही पेट्यांत सारखा आहे का आणि ट्वीटरच्या छपाईशी त्याची धाटणी जुळते का, ते पाहावे. पुढच्या फळीवर जुन्या स्क्रूंची रिकामी भोके, वूफरभोवती कापून वाढवलेला गोल किंवा ताज्या डिंकाच्या रेघा दिसल्या, तर बदल झाला आहे असे समजावे. दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक लागोपाठचे असतील तर जोडी मूळची आहे याला चांगला आधार मिळतो.

बिघडते का, याचे उत्तर ‘होय’ असे आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी वूफरचे गुणधर्म आणि पेटीचे आकारमान यांचे गणित घालून दिले. त्या गणितानुसार पेटीतली हवा आणि पोर्टची लांबी त्या विशिष्ट वूफरसाठी ठरवलेली असते. बाहेरून तेवढ्याच इंचांचा दुसरा वूफर भोकात बसतो, पण हिशेबात बसत नाही, आणि खालचे स्वर एक तर गायब होतात किंवा एकाच ठिकाणी फुगतात. कंपनीचाच किंवा त्या मॉडेलसाठी सुचवलेला वूफर असेल तर हरकत नाही. तसा नसेल तर पेटीवरच्या नावाचे पैसे देऊ नयेत.

प्रश्न : पहिल्या पत्रात वर्णन केले तशी जोडी मी आधीच घेऊन बसलो आहे. तिने अ‍ॅम्प्लिफायर बिघडेल का? आतले भाग सुधारून घ्यावेत का, की विकून टाकावी?

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, अशा सौद्यात शिकलेसवरलेले, व्यवहारी लोकही फसले आहेत.

आधी वर सांगितल्याप्रमाणे रोध मोजा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्पीकरचा अवरोध, म्हणजे संगीताच्या बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा (मीटरवरचा रोध याहून कमी येतो), कोणत्याही स्वराला छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा ६.४ ओहमखाली आणि ४ ओहमच्या स्पीकरचा ३.२ ओहमखाली जाऊ नये. काही नकली पेट्यांत तीनचार स्पीकर एकमेकांना समांतर जोडून दिलेले असतात आणि मीटरवर कधी कधी दोन ओहमच्या आसपास आकडा येतो. तसा आला तर ती जोडी अ‍ॅम्प्लिफायरला लावू नका, कारण तो तापून त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाण्याची भीती असते. आकडा ठीक असेल तर लहान आवाजात बातम्या वगैरे ऐकायला ती वापरण्यात धोका नाही.

सुधारणेच्या भरीस मात्र पडू नका. चांगला क्रॉसओव्हर घातला तरी वूफरचे चुंबक दुबळे राहते, वूफर बदलला तरी पेटी घुमते, आणि पेटीची फळी बदलायची म्हणजे पहिल्यापासून नवा स्पीकरच बांधायचा. तेवढ्या खर्चात दोन गोलांचा, जुना पण खरा स्पीकर मिळतो आणि तो पुष्कळ सुखाने वाजतो.

विकण्याविषयी आपण विचारलेत, म्हणून मन मोकळे करून लिहितो. विकायला हरकत नाही, परंतु पेटीत काय आहे ते जाहिरातीत स्पष्ट लिहा, खोलून काढलेल्या वूफरचे छायाचित्र द्या, आणि ते माहितीपत्रक व छापील किमतीचे खोके आधी फाडून टाका. ती कागदपत्रे पेटीबरोबर पुढे गेली तर आपल्याला ज्या युक्तीने गंडवले तीच युक्ती आपल्या हातून आणखी एकावर चालेल. स्वतः काही बांधण्याची आवड असलेले लोक टर्मिनल, जाळ्या आणि तारांसाठी अशी पेटी अल्प किमतीत आनंदाने नेतात.

प्रश्न : नामांकित कंपनीची वापरलेली जोडी घेतली. विकणाऱ्याच्या घरी खालचे स्वर भरदार होते. माझ्या घरी आणून जोडल्यावर ते नाहीसेच झाले आणि गायकाचा आवाज खोलीभर पसरल्यासारखा येतो. जोडी बदलून दिली असेल का?

उत्तर : असा संशय घेण्याआधी तारा पाहा. एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलांच्या तारा उलट लागल्या की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, दोघांचे खालचे स्वर हवेत एकमेकांना खोडून टाकतात, आणि मधोमध उभा राहायला हवा तो गायकाचा आवाज कोठून येतो ते कळेनासे होते. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. खात्रीसाठी अ‍ॅम्प्लिफायरची तार काढून दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. वूफरचा कोन किंचित पुढे सरकलेला दिसेल. काही जुन्या नामांकित कंपन्यांची रीत याच्या उलट होती, तेव्हा कोन मागे गेला तरी घाबरू नका. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेला सरकले म्हणजे झाले. मग अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत लाल टोक लालला आणि काळे काळ्याला गेले आहे याची एकेका तारेवर बोट ठेवून खातरजमा करा, आणि तेच गाणे पुन्हा लावून ऐका.